नवें घर व उन्हाचा हिशेब

वैशाखांतील रात्रीचे दहा वाजले आहेत. बाहेर वारा सुटला असून अंगणांत बसलेल्यांस बरें वाटूं लागलें आहे. परंतु त्याच वेळीं शहरांतील एखाद्या नव्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारें कुटुंब पंखा लावूनहि तळमळत असतें. सूर्य मावळून तीन तास होऊन गेले. मग ही उष्णता येते कोठून? पलंगावर उभें राहून छताला हात लावावा म्हणजे उत्तर मिळतें. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब आपल्या पोटांतील उष्णता आतां खोलींत सोडीत असतो. हा दोष घराला मागाहून जडलेला नसतो. तो नकाशाबरोबरच जन्मास आलेला असतो. घर बांधतांनाच ही उष्णता कशी अडवितां येते, व त्यासाठीं नियम कां करावे लागले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

घरांत उष्णता तीन वाटांनीं शिरते: छपरांतून, भिंतींतून व खिडक्यांतून. कोणती वाट केव्हां उघडते, हें सूर्याच्या मार्गावर अवलंबून असतें. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंशांवर वसली आहे. त्यामुळें मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तेथील मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर किंवा किंचित् उत्तरेस असतो. अशा दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसें पडत नाहीं. सारा मारा छपरावर, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व व पश्चिम भिंतींवर होतो. डिसेंबरांत उलट प्रकार असतो. सूर्य दक्षिणेस कलतो व दक्षिणेच्या खिडकींतून कोंवळें ऊन आंत येतें. म्हणून त्या खिडकीवर बेताचा छज्जा असला कीं तो उन्हाळ्यांतील ऊन अडवितो व हिवाळ्यांतील ऊन येऊं देतो. पश्चिमेच्या खिडकीस मात्र छज्ज्याचा उपयोग थोडा. तिसऱ्या प्रहरानंतरचें तिरपें ऊन त्याच्या खालून सरळ बिछान्यापर्यंत पोहोंचतें. तेथें उभ्या झडपा, बाहेरून सोडलेला पडदा किंवा एखादें झाडच पाहिजे.

छप्पर व भिंत ह्यांतून किती उष्णता वाहते हें मोजण्याचेंहि एक माप आहे. त्यास यू-मूल्य म्हणतात. आंत व बाहेर एका अंशाचा फरक असतां एक चौरस मीटर जागेंतून किती वॅट उष्णता पलीकडे जाते, हें त्यावरून समजतें. आंकडा जितका लहान, तितकी अडवणूक चांगली. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबचें हें मूल्य ३ पेक्षां अधिक भरतें. गिलावा केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीचें सुमारें २ असतें. तर सच्छिद्र, हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वीस सेंटिमीटर जाड भिंतीचें १ पेक्षांहि कमी असतें. ह्यांत जादू कांहीं नाहीं. गोधडी ऊब धरते ती चिंध्यांच्या थरांत कोंडलेल्या हवेमुळें, व त्या ठोकळ्यांत उष्णता अडते तीहि कोंडलेल्या हवेमुळेंच. केरळांत आयुष्याचा मोठा भाग घालविलेले वास्तुविशारद लॉरी बेकर ह्यांनीं हेंच तत्त्व साध्या विटांनीं साधलें. विटा आडव्या न ठेवतां कडेवर उभ्या रचून भिंतीच्या पोटांत पोकळी राखावयाची, अशी ती रीत होय. तिनें उष्णताहि अडते व विटाहि सुमारें एक-चतुर्थांशानें कमी लागतात.

आतां थोडी आंकडेमोड करूं. ५० चौरस मीटरांचें छप्पर आहे, त्याचें यू-मूल्य ३.५ आहे, व उन्हामुळें वरच्या बाजूस आंतल्यापेक्षां २० अंश अधिक उष्णतामान आहे असें धरा. तिघांचा गुणाकार ३५०० वॅट येतो. एक टनाचें वातानुकूलन यंत्र जास्तींत जास्त जेवढी उष्णता बाहेर टाकूं शकतें, तेवढीच ही आहे! म्हणजे विकत घेतलेलें यंत्र माणसांसाठीं न राबतां केवळ छपराचें पाप धूत बसतें. तेंच मूल्य १.२ वर आणलें तर गुणाकार १२०० वर येतो. शिवाय यंत्रानें बाहेर टाकलेली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीपाशीं जाते, व तें चालविणाऱ्या विजेचा मोठा भाग आपल्या देशांत अद्याप कोळसा जाळूनच निघतो. एका घराच्या चुकीचा भार असा अनेकांवर पडतो.

येथें कोणी विचारील कीं, हें इतकें सोपें असतांना प्रत्येक जण असेंच घर कां बांधीत नाहीं? ह्याचें उत्तर शास्त्रांत नसून व्यवहारांत आहे. पूर्वीं घर बांधणारा व त्यांत राहणारा हे बहुधा एकच असत. हल्लीं शहरांत बांधणारा एक आणि राहणारा दुसरा. छपरावर उष्णतारोधक थर घातला तर त्याचा खर्च बांधणाऱ्यास येतो. न घातला तर विजेचें बिल राहणाऱ्यास येतें, व इमारत उभी आहे तोंवर येतच राहतें. ज्याच्या हातीं उपाय आहे त्याला त्रास नाहीं, व ज्याला त्रास आहे त्याच्या हातीं उपाय नाहीं. अशा ठिकाणीं केवळ सद्भावनेवर विसंबून भागत नाहीं, नियम लागतो.

असा नियम आपल्या देशांत झाला आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वयें स्थापन झालेल्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सी ह्या संस्थेनें डिसेंबर २०१८ मध्यें नव्या घरांसाठीं ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली, आणि २०२२ च्या दुरुस्तीनें मूळ कायद्याचा हात मोठ्या निवासी इमारतींपर्यंत पोहोंचला. संहितेच्या त्या पहिल्या भागांत छपराचें यू-मूल्य १.२ पेक्षां अधिक नसावें असें सांगितलें आहे. थंड प्रदेश सोडून इतरत्र भिंती व खिडक्या मिळून दर चौरस मीटरामागें सरासरी १५ वॅटपेक्षां अधिक उष्णता आंत येऊं नये, अशीहि मर्यादा घातली आहे.

संहितेंतील सर्वांत मनोवेधक भाग खिडक्यांविषयींचा आहे. घराच्या जमिनीच्या मानानें उघडतां येणारी जागा किती असावी, हें तिनें हवामानावरून ठरविलें आहे. दमट प्रदेशांत ती एक-षष्ठांश, उष्ण व कोरड्या प्रदेशांत एक-दशांश, व नागपुरासारख्या मिश्र हवामानांत एक-अष्टमांश पाहिजे. म्हणजे ६० चौरस मीटरांच्या घरास मुंबईंत १० चौरस मीटर, सोलापुरांत ६, व नागपुरांत साडेसात चौरस मीटर जागा उघडती हवी. हे आंकडे वाचतांना आपल्या जुन्या घरांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. कोंकणांतील घर उतरत्या कौलांचें, पडवीचें, वारा खेळता ठेवणारें. कारण घाम वाळावयास वारा हवा. सोलापुराकडील घर जाड मातीच्या भिंतींचें, माळवदाचें, लहान खिडक्यांचें. कारण दुपारची झळ बाहेरच राहावयास हवी. आजोबा-पणजोबांनीं अनुभवानें जें जाणलें होतें, तेंच ह्या संहितेनें मापांत बसविलें आहे. मधल्या काळांत मात्र आपण दोन्हीं ठिकाणीं एकाच सांच्याचे काँक्रीटचे डबे उभे केले.

नियम कागदावर असला तरी तो पाळला जाणें हें राज्यांच्या व नगरपालिकांच्या दक्षतेवर, आणि त्याहून अधिक, घर घेणाऱ्यांच्या जाणतेपणावर अवलंबून आहे. नवें घर पाहावयास गेलेलीं माणसें फरशीचा रंग पाहतात, ओट्याचा दगड पाहतात, नळाची तोटी फिरवून पाहतात. परंतु छपरावर कोणता थर आहे, निजण्याच्या खोलीची खिडकी कोणत्या दिशेस आहे, समोरासमोर वारा वाहतो कीं नाहीं, हें विचारणारा विरळा. ज्यांचें घर आधींच बांधून झालें आहे त्यांनींहि निराश होऊं नये. उन्हाळ्याच्या आरंभीं गच्चीवर पांढरा चुना फांसला तरी बरेंचसें ऊन परतून जातें. दोन सारखे पत्र्याचे डबे, एक पांढरा व एक काळा रंगवून, पटांगणांत उन्हांत ठेवावे व तासाभरानें आंत उष्णतामापक घालून पाहावें. म्हणजे ह्याची खात्री पटेल.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां नकाशे काढील, कोणी ते मंजूर करील, कोणी भिंत रचील, आणि बहुतेक सर्वच कोठें ना कोठें घर घेतील. तेव्हां एवढें स्मरणांत असूं द्यावें कीं, छपराच्या व भिंतीच्या पोटांत काय घातलें आहे हें घर घेण्याच्या दिवशीं दिसत नाहीं. तें पहिल्या उन्हाळ्यांत कळतें, आणि तेव्हां तें बदलणें फार महाग पडतें.