शिट्टी नाही, मिनिटं मोजा! इलेक्ट्रिक कुकरमध्ये चिकनचे ब्रेस्ट पीस आतपर्यंत असे शिजवा

पुणे : गॅसवरच्या कुकरच्या दोन-तीन शिट्ट्या झाल्या की 'झालं चिकन' असं म्हणायची आपल्याकडे सवय आहे. इलेक्ट्रिक प्रेशर कुकरला बहुतेक वेळा शिट्टीच नसते. मग चिकन शिजलं की नाही, हे ओळखायचं कसं? त्यात बिनहाडाचा ब्रेस्ट पीस असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. जास्त शिजवला तर तो कोरडा, चिवट होतो आणि लवकर काढला तर आत कच्चा राहतो. कच्चं राहिलेलं चिकन पोटात जाणं किती महागात पडू शकतं, याची चर्चा पुणेकरांनी २०२५ च्या सुरुवातीला जवळून ऐकली आहे.

आज हा कुकर गावातही दिसू लागलाय. एमपीएससीच्या अभ्यासासाठी पुण्यात पेठांमध्ये खोली घेऊन राहणारी तालुक्याची पोरं-पोरी, पोलीस भरतीची तयारी करणारे आणि जिमला जाणारे तरुण रोजच्या प्रोटीनसाठी ब्रेस्ट पीस उकडून खातात. १०० ग्रॅम कच्च्या ब्रेस्ट पीसमध्ये साधारण २२ ते २३ ग्रॅम प्रोटीन असतं आणि चरबी अगदी कमी. म्हणूनच ही पद्धत नीट समजून घेणं गरजेचं आहे.

पुण्यात काय घडलं होतं?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागात सर्वाधिक रुग्ण सापडले. यातली नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला ही गावं २०२१ मध्येच महापालिकेत आली होती. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला, काहींचा मृत्यूही झाला.

काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय' हा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून पोटात जातो, तसाच अर्धवट शिजलेल्या कोंबडीच्या मांसातूनही जातो. पुण्यात पहिला संशय पाण्यावर होता. तरीही 'चिकन खाल्ल्याने जीबीएस होतो' असे मेसेज फिरू लागले आणि पोल्ट्रीवाल्यांच्या पोटात गोळा आला. फेब्रुवारीत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी कोंबड्या मारण्याची गरज नसल्याचं स्पष्ट केलं आणि चिकन पूर्ण शिजवून खाण्याचं आवाहन केलं.

असंच २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हाही झालं होतं. तेव्हाही लोकांनी चिकन सोडलं आणि फटका पोल्ट्रीवाल्यांना बसला. दोन्ही वेळेला खाणाऱ्यांसाठी सल्ला एकच होता : चिकन सोडू नका, पण आतपर्यंत शिजवा.

जिवाणू किती उष्णतेला मरतो?

पीसचा सगळ्यात जाड भाग, अगदी मधोमध, ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला दोन्ही मरतात. मसाला, लिंबू, दही किंवा मीठ लावून ठेवल्याने ते मरत नाहीत. फ्रीजरमध्ये ठेवल्यानेही सगळे मरतीलच असं नाही. खात्रीचा उपाय फक्त उष्णता.

कॅम्पिलोबॅक्टरची लागण झाली की साधारण दोन ते पाच दिवसांत जुलाब, पोटात कळा आणि ताप येतो. बहुतेक लोक आठवड्याभरात बरे होतात. मात्र अंदाजे हजारात एखाद्याला पुढच्या एक ते तीन आठवड्यांत जीबीएस होऊ शकतो. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर हल्ला करते. जीबीएस एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही.

गॅसचा कुकर आणि इलेक्ट्रिक कुकर, फरक काय?

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. शिट्टीच्या कुकरमध्ये दाबामुळे उष्णता १२० अंशांच्या जवळ जाते. इलेक्ट्रिक कुकरचा दाब सहसा थोडा कमी असतो, त्यामुळे आतली उष्णता ११५ अंशांच्या आसपास राहते. म्हणून 'दोन शिट्ट्या म्हणजे इतकी मिनिटं' असा सरळ हिशोब इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. बटण दाबल्यावर कुकर आधी पाणी तापवतो आणि वाफ भरतो. त्यात ८ ते १० मिनिटं जातात. दाब तयार झाला की झाकणावरची छोटी पिन वर येते आणि त्यानंतर घड्याळ सुरू होतं. खाली दिलेली मिनिटं त्या क्षणापासूनची आहेत, बटण दाबल्यापासूनची नाहीत.

असे शिजवा ब्रेस्ट पीस

१. अर्धा किलो ब्रेस्ट पीस घ्या. पीस शक्यतो सारख्या जाडीचे असावेत. एखादा फारच जाड असेल तर मधून आडवा चिरून दोन करा.

२. कुकरच्या आतल्या भांड्यात एक कप, म्हणजे साधारण २५० मिली पाणी घाला. पाण्याशिवाय वाफ होत नाही, त्यामुळे यात काटकसर नको.

३. पिसांना मीठ, हळद, आलं-लसणाची पेस्ट आणि हवं तर थोडं काळं तिखट लावा. कुकरसोबत जाळी मिळाली असेल तर पीस तिच्यावर ठेवा. एकावर एक रचू नका, शेजारी शेजारी ठेवा.

४. झाकण लावा आणि वाफेची कळ 'बंद'वर करा. झाकणाची रबरी रिंग नीट बसली आहे का, ते आधी पाहा. रिंग सैल असेल तर दाब तयारच होत नाही.

५. जास्त दाबावर वेळ लावा. १५० ते २०० ग्रॅमच्या पीसला ८ मिनिटं, २५० ग्रॅमच्या पीसला १० मिनिटं, ३०० ग्रॅमच्या जाड पीसला १२ मिनिटं. वेळ एकूण वजनावर नाही, एका पीसच्या जाडीवर ठरते. दोन पीस असोत की चार, पीस सारखे असतील तर मिनिटं तीच राहतात.

६. वेळ संपल्यावर लगेच वाफ सोडू नका. १० मिनिटं तसंच राहू द्या. नंतर उरलेली वाफ लांब दांड्याच्या पळीने कळ ढकलून सोडा. तोंड आणि हात वाफेपासून लांब ठेवा. पिन खाली बसल्याशिवाय झाकण ओढू नका.

सहावी पायरी लोक टाळतात आणि मग 'ब्रेस्ट पीस चिवट झाला' म्हणतात. या पीसमध्ये चरबी कमी असल्याने तो लवकर कोरडा पडतो. दाब एकदम सोडला की आतला रसही उकळून बाहेर येतो. दहा मिनिटं थांबलं की रस आत राहतो आणि मधला भागही नीट तापतो. खाली उरलेलं पाणी फेकू नका, रश्श्याला किंवा भाताला वापरा.

गोठलेलं चिकन असेल तर?

फ्रीजरमधले पीस सुटे असतील तर ते तसेच कुकरमध्ये टाकता येतात. मात्र वेळ १२ ते १५ मिनिटं लावा. सगळे पीस एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल तर तो तसा टाकू नका. बाहेरचं शिजतं आणि मधलं कच्चं राहतं. असा गोळा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवून सुटा होऊ द्या. ओट्यावर दिवसभर ठेवून वितळवू नका. कुकरला 'स्लो कुक'चं बटण असेल तर गोठलेल्या चिकनसाठी ते वापरू नका. त्यात मांस फार वेळ कोमट राहतं आणि जिवाणूंना वाढायला संधी मिळते.

शिजलं की नाही, कसं ओळखायचं?

सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे सुईचा थर्मामीटर. पीसच्या जाड भागात टोचला आणि ७४ किंवा जास्त आकडा आला की काम झालं.

थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड पीस मधोमध कापा. आतलं मांस पांढरं, धाग्याधाग्याने सुटणारं असावं आणि रस स्वच्छ असावा. आत चकचकीत, रबरासारखं किंवा गुलाबी दिसलं तर पुन्हा ३ मिनिटं दाब द्या. एक सावधगिरी : हळदीमुळे वरचा रंग फसवतो. म्हणून वरून पाहून ठरवू नका, कापूनच बघा.

लाईट गेली तर?

ग्रामीण भागात ही अडचण नेहमीची. लाईट गेल्यावर काही कुकर सगळं विसरतात, तर काही पुढे चालू होतात. लाईट लगेच आली तर वेळ पुन्हा पहिल्यापासून लावा. पीस थोडे कोरडे होतील, पण कच्चे राहणार नाहीत. लवकर येण्याची चिन्हं नसतील तर दाब उतरल्यावर चिकन पातेल्यात काढा आणि लगेच गॅसवर किंवा चुलीवर पूर्ण शिजवा. अर्धवट शिजलेलं चिकन 'उद्या बघू' म्हणून ठेवू नका. दोन तासांहून जास्त तसंच पडलं असेल तर टाकून द्या.

साधारण १००० वॉटचा कुकर पूर्ण ताकदीने तासभर चालला तर एक युनिट वीज खातो. दाब तयार झाल्यावर तो थांबून थांबून वीज घेतो, त्यामुळे एका वेळच्या चिकनला अर्ध्या युनिटपेक्षा कमीच लागते. मात्र तो स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. अर्थिंग असलेला भिंतीतला प्लग वापरा.

कच्च्या चिकनचा हात कुठे कुठे लागतो?

कुकर कितीही चांगला असला तरी कच्च्या चिकनचं पाणी कांदा-कोथिंबिरीला लागलं तर उपयोग नाही. कॅम्पिलोबॅक्टरचे काही शे जिवाणूही आजारी पाडायला पुरतात.

- चिकन धो-धो नळाखाली धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. धुवायचंच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा आणि ते पाणी सांभाळून ओता.
- काकडी-कांदा आधी चिरा, चिकन शेवटी. विळी, सुरी आणि पाट नंतर साबण आणि गरम पाण्याने घासा.
- कच्च्या चिकनच्या ताटात शिजलेले पीस परत ठेवू नका.
- हात साबणाने धुतल्याशिवाय मिठाच्या डब्याला, मोबाईलला किंवा लेकराला हात लावू नका.
- उरलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. खाताना वाफ येईपर्यंत गरम करा.
- विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पिण्याआधी उकळून घ्या.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी पायात मुंग्या येणं, पाय लटपटणं, जिना चढता न येणं, हाताची पकड सुटणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणं, यातलं काहीही जाणवलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. जीबीएसवर उपचार आहेत आणि ते लवकर सुरू झाले तर फायदा जास्त होतो. २०२५ च्या साथीत ग्रामीण भागातल्या रुग्णांसाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात मोफत उपचार जाहीर झाले होते. आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा, तिथून पुढे कुठे न्यायचं ते डॉक्टर सांगतील.

पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना आई-वडिलांनी फोनवर एवढं जरूर सांगावं : पिन वर आल्यापासून मिनिटं मोज, दहा मिनिटं थांब आणि पीस कापून बघितल्याशिवाय खाऊ नको.