एकाच छपराखाली भाजी आणि माणसे



हरितगृह म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ढोबळी मिरची येते आणि मागोमाग कर्जाचा हप्ता. पण त्याचा माणसांनाही आसरा होऊ शकतो, हे लडाखात दिसते.

लेहजवळ फे येथे सेकमोल या संस्थेची निवासी शाळा आहे. हिवाळ्यात तेथे पाणी गोठते, ऊन मात्र भरपूर असते. मातीच्या इमारती दक्षिणेकडे तोंड करून बांधल्या आहेत. थंडीत त्या बाजूला प्लॅस्टिकचा कागद ताणतात. कागदाआड भाजी वाढते, जाड भिंती दिवसा ऊन साठवतात आणि रात्री मुलांना ऊब देतात. उन्हाळ्यात कागद काढून ठेवतात. खोल्या उबवायला सरपण जाळावे लागत नाही.

आपण याची नक्कल केली तर मात्र भट्टीच होईल! आपल्याकडे ऊब नको, सावली आणि वारा हवा. म्हणून रोपांवर शेडनेट घालावे व बाजू मोकळ्या ठेवाव्यात. शेजारी बसण्यासाठी पत्र्याचे छप्पर करून त्याचे पाणी टाकीत घ्यावे. १०० चौरस मीटर पत्र्यावर १ सेंटिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १,००० लिटर पाणी मिळते.

एक पथ्य आम्ही आग्रहाने सांगतो. जेथे मुले, म्हातारी माणसे बसणार, तेथे विषारी फवारणी नको. बैठक हवी की फवारा, हे खांब पुरण्याआधीच सर्वांनी मिळून ठरवावे.