पाळण्याचे अंकगणित

केंब्रिजला गणित शिकून आलेल्या शकुंतला परांजपे यांनी १९३८ साली पुण्यात संततिनियमनाच्या प्रचारास हात घातला, आणि त्यांच्यापूर्वी, १९२१ साली, मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडणारे रघुनाथ धोंडो कर्वे हेही गणिताचेच प्राध्यापक होते. हा केवळ योगायोग असेल, परंतु विषयाचे मर्म बव्हंशी अंकगणितात आहे, हे मात्र खरे.

शिकलेल्या स्त्रीस साधने ठाऊक असतात म्हणून तिला मुले कमी होतात, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक तांबी आणि गोळ्या यांची माहिती आज नर्सबाई निरक्षर स्त्रीसही घरी येऊन देतात. शाळेचा प्रभाव पडतो तो आडवाटेने. मुलगी वर्गात बसली आहे तोवर तिचे लग्न लांबते, आणि लग्नाबरोबर पहिले बाळंतपणही. विसाव्या वर्षी आई होण्याची रीत असलेल्या घराण्यात शंभर वर्षांत पाच पिढ्या होतात, पंचविसाव्या वर्षी आई होणाऱ्यांच्या घराण्यात चारच, म्हणजे प्रत्येकीची अपत्यसंख्या तीच राहिली तरी लोकसंख्यावाढीचा वेग मंदावतो. शिवाय जी आई लसीची तारीख चुकवीत नाही, जुलाब लागताच मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजते आणि डॉक्टरांना दोन प्रश्न उलट विचारण्यास बिचकत नाही, तिची मुले जगण्याचा संभव अधिक. आणि मूल दगावण्याचे भय सरले की हाताशी एखादे अधिक असावे हा वडीलधाऱ्यांचा आग्रहही सैल पडतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत शाळेचे तोंड न पाहिलेल्या भारतीय स्त्रियांचा प्रजननदर २.८, तर बारा वा अधिक वर्षे शिकलेल्यांचा १.८ भरला. हा सगळा फरक शाळेच्या खाती जमा करणे गैर होईल, कारण मुलीला बारावीपर्यंत शिकविणारे घर बहुधा आधीच सुस्थितीतले असते. महाराष्ट्राचा एकंदर दर १.७ आहे, आणि त्यात पंचविशीच्या आसपास, दोन मुलांवर ऑपरेशन करून मोकळ्या होणाऱ्या अल्पशिक्षित स्त्रियांचा वाटा मोठा आहे. त्या लवकर आरंभ करून लवकर थांबतात. पदवीधर स्त्री मुळात आरंभच उशिरा करते. पुण्यातील गोखले संस्थेने वि. म. आणि कुमुदिनी दांडेकर यांची पुणे जिल्ह्यातील जनन-मरणाची पाहणी १९५३ साली प्रसिद्ध केली, तेव्हा पाळणा थांबविण्याचा असा राजरोस रिवाज खेड्यापाड्यांत नव्हता.

आता २०१७ पासून कायद्याने नोकरदार आईस पहिल्या दोन अपत्यांपुरती २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, खाजगी नोकरीतल्या बापास मात्र कायद्याने एक दिवसही नाही. आणि पुण्यात जी शिकलेली जोडपी दुसऱ्या मुलाचा विचार पुढे ढकलतात, त्यांची अडचण बहुधा एवढीच असते की दुपारी मूल ठेवायचे कोणाकडे.