कृश देह आणि रक्तांतील संकेत

औशांत आम्हांस ‘काडीमास्तर’ म्हणत, आणि त्याचा आम्हांस थोडा अभिमानही होता. म्हणून साठी उलटल्यावर उपाशीपोटींच्या रक्तांत साखर १४८ निघाली (मधुमेह १२६ पासून धरतात), तेव्हां घरांत कोणाचा विश्वास बसेना. सौभाग्यवती म्हणाली, “नळ्यांची अदलाबदल झाली असेल.” पुन्हां रक्त दिलें, निकाल तोच.

वस्तुतः चरकसंहितेंत प्रमेहाचे स्थूल व कृश असे दोन रोगी वेगळे सांगितले आहेत. आम्हीं तें वाचलें होतें. स्वतःस लावून मात्र पाहिलें नव्हतें!

पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्रज डॉक्टर जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आपलें दोघांचें छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा आंकडा दोघांचाही २२.३, परंतु युडकिनांच्या देहांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहांत २१.२! बारीक अंगांत दडलेला हा मेद तराजू दाखवीत नाहीं. याज्ञिकांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींची पाहणी चालविली. तेथील अर्भकें इंग्लंडांतील अर्भकांहून हलकीं भरलीं, पण त्यांच्या त्वचेखालचा मेद त्या मानानें घटलेला नव्हता.

मग या मेदाची वार्ता आणील कोण? त्याच १९९३ सालीं व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुवकुन यांनीं एका कृमींत मायक्रोआरएनएचें कार्य उकललें. त्याबद्दल २०२४ सालीं त्यांस नोबेल मिळालें. सुमारें बावीस अक्षरांची ही साखळी प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या दूतास चिकटून त्यास रोखते. जणूं पाणिनीचें अपवादसूत्रच. असे रेणू रक्तांतही वाहतात, आणि त्यांतील बरेच मेदपेशींतून येतात असें २०१७ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दिसलें. इटलींतील ब्रुनेक येथील रहिवाशांच्या रक्तांत त्यांपैकीं कांहींचें प्रमाण मधुमेह प्रकट होण्यापूर्वींच बदललेलें होतें, असें २०१० सालीं प्रसिद्ध झालें.

तथापि एका प्रयोगशाळेचे आंकडे दुसरीशीं नीट जुळत नाहींत. रक्त ठेवण्याच्या रीतीनेंही ते बदलतात. म्हणून डॉक्टर अजून साखर व तिची तीन महिन्यांची सरासरीच पाहतात, आणि तेंच योग्य. या नव्या परीक्षेच्या नांवानें कोणी आजच पैसे मागूं लागल्यास देऊं नयेत.

आमच्या धाकट्या सूनबाईंस पांचवा महिना लागला आहे. याज्ञिकांच्या पाहणींत पालेभाज्या, दूध व फळें अधिक खाणाऱ्या मातांचीं अर्भकें आकारानें मोठीं निघालीं, हें वाचल्यापासून सुनांनीं सर्वांमागून जेवण्याची रीत आम्हीं घरांत मोडली. थोरले चिरंजीव आमच्यासारखेच काटकुळे. बळेंच त्यांचें रक्त तपासविलें, साखर ११२. तीन महिन्यांनीं पुन्हां पाहावयाची आहे.