पेट्रोल अडलं कुठे?

स्कूटर एका अंगावर कलती करायची, क्षणभर तशीच धरायची, सरळ करायची आणि मग किक मारायची, हा विधी महाराष्ट्रातल्या निदान दोन पिढ्यांनी कामावर निघताना केलेला आहे. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यात तयार होणारी बजाज चेतक १९७२ साली बाजारात आली आणि तिच्याबरोबर हा विधीही घरोघर पोचला. त्याला आधार आहे. गाडी कलती केली की टाकीच्या तळाशी उरलेलं पेट्रोल नळाच्या तोंडाकडे सरकतं, कार्बोरेटरमधला फ्लोट हलतो आणि थोडं जादा पेट्रोल आत उतरतं. पण रोजच कलती करावी लागत असेल, तर वाटेत कुठेतरी पेट्रोल अडतं आहे, असं समजावं. कुठे, हे शोधण्याची एक रीत आहे.

जुन्या टू-स्ट्रोक चेतकला पेट्रोल पंप नाही. टाकी सीटखाली आणि कार्बोरेटर त्याहून खाली, त्यामुळे पेट्रोल स्वतःच्या वजनानेच उतरतं. टाकी, कॉक, रबरी नळी, गाळणी, फ्लोटची सुई, जेट आणि शेवटी सिलिंडर अशी ही वाट आहे. दिसेल तो भाग बदलत सुटण्याऐवजी पेट्रोल कुठपर्यंत पोचलं, एवढंच क्रमाने विचारत जावं.

पहिला साक्षीदार म्हणजे प्लग. आठ-दहा किक मारून प्लग काढून पाहावा. तो ओला असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचलं आहे; दोष ठिणगीत आहे, किंवा पेट्रोल प्रमाणाबाहेर येतं आहे. प्लग कोरडा असेल तर वाट मधोमध तोडावी. इंजिन थंड असताना, जवळपास विडी-काडी नाही हे पाहून, नळी कार्बोरेटरपासून सोडवावी आणि बाटलीत धार धरावी.

धारच नसेल तर कॉक किंवा टाकीतली जाळी तुंबली आहे. फक्त रिझर्व्हवर धार येत असेल तर पेट्रोल कमी आहे, इतकंच. रिझर्व्हचं तोंड टाकीच्या अगदी तळाशी असतं, म्हणून गाळ आणि पेट्रोलपेक्षा जड असलेलं पाणी याच वाटेने खाली येतं.

धार जोरात सुरू होऊन बारीक होत गेली, तर टाकीच्या झाकणाकडे पाहावं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत येतं, म्हणून आपण हवेसाठी दुसरं भोक पाडतो. झाकणातलं बारीक छिद्र हेच काम करतं. ते बुजलं की गाडी काही अंतर नीट जाते, बंद पडते, विसावा मिळाल्यावर पुन्हा चालते. झाकण सैल करताच धार सुधारली, तर निदान पक्कं.

धार चांगली असूनही प्लग कोरडा राहत असेल, तर दोष कार्बोरेटरात आहे. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि सुई अडकते किंवा जेट बुजतो. रेस सोडताच इंजिन बंद पडत असेल तर स्लो जेट तपासावा. रेस पूर्ण दिल्यावर दम तुटत असेल तर मेन जेट. जेटचं छिद्र मिलिमीटरच्या शतांशात मोजतात. ते तारेने कोरलं तर मोठं होतं आणि गाडीचं गणित बिघडतं. हवेचा झोत पुरेसा असतो.

चोक ओढल्यावर गाडी सुधारत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आहे. मात्र फाटक्या गॅस्केटमधून चोरवाटेने हवा शिरली तरी हेच लक्षण दिसतं. जेट साफ करूनही फरक पडत नसेल तर गॅस्केट पाहावं.

हे सारं केवळ गाडी सुरू होण्यासाठी नाही. या इंजिनाचं वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, लिटरमागे सुमारे २० मिलिलिटर. त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं. त्यात पातळ मिश्रणाने इंजिन तापतं, प्लग पांढरट पडतो आणि शेवटी पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. भर वेगात असं झालं तर मागचं चाक जागीच अडकतं.

जुनी चेतक पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा शोषतं, जुनं रबर खराब करू शकतं आणि स्वतःबरोबर ऑक्सिजन आणत असल्याने त्याच जेटवर मिश्रण आणखी पातळ होतं. म्हणून नळ्या आणि गॅस्केटं आधीच बदलावीत, प्लगचा रंग अधूनमधून पाहावा. हमरस्त्यावर पूर्ण रेस असताना इंजिनाचा दम एकाएकी गेला तर लगेच क्लच दाबून गाडी कडेला घ्यावी. इंजिन निवेपर्यंत किक मारू नये.