नागरी सेवांची लेखी परीक्षा

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेंतील पूर्वपरीक्षेचा निकाल लागला, कीं उमेदवाराच्या घरीं पेढे वाटले जातात. आनंद स्वाभाविक आहे. परंतु या पूर्वपरीक्षेचे गुण पुढें कोठेंच धरले जात नाहींत, हें घरांतील वडीलधाऱ्यांस पुष्कळदां ठाऊक नसतें. भरावयाच्या जागांच्या सुमारें बारा-तेरा पट उमेदवार निवडणें, एवढेंच तिचें काम. खरी कसोटी लागते ती मुख्य लेखी परीक्षेंत.

या परीक्षेंत नऊ प्रश्नपत्रिका असतात व प्रत्येकीस तीन तास मिळतात. निबंधाची एक, सामान्य अध्ययनाच्या चार आणि उमेदवारानें निवडलेल्या वैकल्पिक विषयाच्या दोन, अशा सात पत्रिकांचे गुण मोजले जातात. प्रत्येकीचे २५० धरून ते १७५० होतात. मुलाखतीस २७५ गुण आहेत. मुलाखतीच्या पोशाखाची जी चिंता घरोघर वाहिली जाते, तिचा दहावा हिस्सा लेखनाच्या सरावास मिळाला तरी पुष्कळ साधेल!

हा सराव कशाचा? सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पत्रिकांत प्रत्येकीं वीस प्रश्न येतात : दहा प्रश्न १० गुणांचे व १५० शब्दांचे, दहा १५ गुणांचे व २५० शब्दांचे. म्हणजे १८० मिनिटांत चार हजार शब्द. एका प्रश्नास सरासरी नऊ मिनिटें. त्यांतच वाचणें, विचार करणें आणि लिहिणें. येथें फसतो तो बहुधा अभ्यासू मुलगाच. आवडता प्रश्न दिसतांच तो वीस मिनिटें लिहीत बसतो आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे राहतात. पहिलें उत्तर कितीहि सुंदर असलें तरी त्याला १५ हून अधिक गुण मिळणें नाहीं. चौथी पत्रिका नीतिशास्त्राची. तींत सुमारें निम्मे गुण प्रत्यक्ष प्रसंग देऊन विचारलेल्या प्रश्नांना असतात. तेथें पाठांतराचा उपयोग थोडा.

आतां उरलेल्या दोन पत्रिका. एक इंग्रजीची, दुसरी घटनेच्या आठव्या अनुसूचींतील एका भारतीय भाषेची. प्रत्येकीं ३०० गुण. हे गुण बेरजेंत येत नाहींत, म्हणून त्यांची उपेक्षा होते. पण दोहोंत प्रत्येकीं २५ टक्के, म्हणजे ७५ गुण, न मिळाल्यास बाकीच्या सात पत्रिकांचें मूल्यमापनच होत नाहीं. वर्षानुवर्षांचा अभ्यास न वाचतांच बाजूस पडतो. मराठीच्या पत्रिकेंत निबंध, उताऱ्यावरील प्रश्न, सारांशलेखन, व्याकरण आणि इंग्रजीवरून मराठींत व मराठीवरून इंग्रजींत भाषांतर असतें. घरीं मराठी बोलणारा, परंतु दहावीनंतर मराठींत चार ओळीहि न लिहिलेला मुलगा या पत्रिकेस हलकें मानतो. त्याचा हात तेथें अडखळतो. आठवड्यास एक निबंध व एका उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश, इतका परिपाठ ठेवला तर हें भय उरत नाहीं.

१९७९ सालापासून भारतीय भाषांत उत्तरें लिहिण्याची मुभा आहे. सामान्य अध्ययन व निबंधहि मराठींत लिहितां येतात. मात्र सामान्य अध्ययनाचे प्रश्न छापले जातात ते हिंदी व इंग्रजींतच. उमेदवारानें एका भाषेंत वाचावयाचें आणि दुसरींत लिहावयाचें, तेंहि नऊ मिनिटांत. म्हणून प्रश्नाच्या शेवटच्या क्रियापदाचा अर्थ आधींपासून पक्का हवा. ‘क्रिटिकली एक्झामिन’ असें आलें कीं कित्येकजण ‘टीका करा’ असें समजून केवळ दोषच मोजूं लागतात. तेथें अपेक्षा असते चिकित्सेची : गुण व दोष दोन्ही तोलावयाचे, आणि मग आपलें मत पुराव्यासह मांडावयाचें.