अडगळीतील तबकड्या

संग्रहाचा नाद मनुष्यास फार जुना आहे. कोणी नाणी जमवितो, कोणी टपालाची तिकिटे, कोणी काड्यांच्या पेट्यांवरील चित्रे. ग्रामोफोनच्या तबकड्या जमविणारे रसिकही महाराष्ट्रात पूर्वीपासून आहेत. अब्दुल करीमखाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्या जिवापाड जपणारी घरे पुण्या-मुंबईत आजही आढळतात. या सर्व संग्राहकांचा दंडक एकच असतो: जे नामांकित, ते जमवावयाचे. परंतु गेल्या पाव शतकात संग्राहकांचा एक निराळाच पंथ उदयास आला आहे. जी तबकडी प्रसिद्ध झाली तेव्हा फारशी कोणी विकत घेतली नाही, जिची चर्चा कोणी केली नाही, तीच हे लोक शोधीत असतात. आणि त्यांचा विशेष लोभ १९८० नंतरच्या दहा वर्षांतील, ज्यास पॉप म्हणतात त्या, लोकप्रिय धर्तीच्या संगीतावर आहे.

ज्या मालास गिऱ्हाईक मिळाले नाही, तो तीस-चाळीस वर्षांनी उकरून काढण्यात शहाणपण ते काय, असा प्रश्न सुज्ञ श्रोत्यांच्या मनात सहजच येईल. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या लोकांनी नेमके हेच दशक का निवडले, ते पाहिले पाहिजे.

त्या काळी तीन गोष्टी एकदम घडून आल्या. पहिली गोष्ट वाद्यांची. जपानच्या रोलंड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे तालयंत्र आणि त्यापाठोपाठ टीबी-३०३ ही खर्जाच्या स्वरांची छोटी पेटी बाजारात आणली. विजेच्या साहाय्याने स्वर निर्माण करणारे सिंथेसायझर हे वाद्यही सुधारत चालले होते. त्यामुळे ज्या कामास पूर्वी वीस वादकांचा ताफा लागे, ते एका खोलीत बसून एकटा मनुष्य करू शकू लागला. दुसरी गोष्ट डिस्को नृत्यसंगीताची. १९८० सालच्या ‘कुर्बानी’ चित्रपटातील नाझिया हसन हिचे गाणे आणि पुढील वर्षीचा तिचा ‘डिस्को दीवाने’ हा गीतसंग्रह यांनी हिंदुस्थानात त्या संगीताचे वेड लावले. तेव्हा आपल्याकडेही डिस्कोची तबकडी असावी, असे कंपन्यांस वाटू लागले. तिसरी गोष्ट कॅसेटची. ती स्वस्त होती, खिशात मावे, आणि घरच्या घरी तिची नक्कलही करता येई. तिच्यापुढे तबकडीचा व्यापार झपाट्याने मागे पडला. सारांश, नवे प्रयोग करण्याची साधने आली, प्रयोगास निमित्तही मिळाले, आणि त्याच सुमारास ते ज्या वस्तूवर मुद्रित व्हावयाचे ती वस्तू मात्र बाजारातून उठू लागली.

तबकडी दुर्मिळ कशी होते, हेही समजून घेण्याजोगे आहे. मूळ मुद्रणावरून प्रथम एक चकती कोरतात. तिच्यावर धातूचा मुलामा चढवून उलट ठसे तयार करतात, आणि त्या ठशांखाली तापविलेला प्लास्टिकचा गोळा दाबून तबकड्या काढतात. पहिला हप्ता खपला तर ठसे पुन्हा यंत्रावर चढतात, न खपल्यास ते बाजूस पडतात. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही तरी ग्रंथालयांत दोन-चार प्रती राहतात. आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने प्रकाशित ग्रंथाची प्रत ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांस देणे प्रकाशकावर बंधनकारक केले आहे. ध्वनिमुद्रिकांस तो कायदा लागू नाही. म्हणून न खपलेल्या तबकडीचे जिणे दुकानदाराच्या फळीवर आणि चार-दोन कुटुंबांच्या कपाटात काय टिकेल तेवढेच.

याचे ठळक उदाहरण मुंबईतच घडले. चरणजितसिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातील एक कसबी वादक होते. जन्म १९४० चा. राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासारख्या संगीतकारांकडे त्यांनी गिटार आणि निरनिराळी विद्युत्वाद्ये वाजविली. पडद्यावर ज्यांचे नाव दिसत नाही, अशा शेकडो वादकांपैकी ते एक होत. सिंगापूरहून त्यांनी रोलंडची वाद्ये आणली होती. वर सांगितलेली दोन यंत्रे आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर एकत्र जोडून त्यांनी १९८२ साली भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. ग्रामोफोन कंपनीने ती तबकडी हिज मास्टर्स व्हॉइसच्या छापाखाली काढली. ती खपली नाही. रागदारीच्या रसिकास ती पोरकट वाटावी आणि नाचणाऱ्यास त्यात गाणे सापडू नये, अशी तिची अवस्था होती. चरणजितसिंग पुन्हा आपल्या नेहमीच्या कामास लागले.

पुढे वीस वर्षांनी, २००२ साली, एडो बाउमन नामक एका डच संग्राहकास दिल्लीच्या एका दुकानात या तबकडीची प्रत मिळाली. ती वाजवून पाहताच तो चकित झाला. त्या आश्चर्याचे कारण अमेरिकेच्या शिकागो शहरात होते. तेथे १९८७ साली फ्यूचर या नावाच्या तरुण त्रिकुटाने टीबी-३०३ च्या खुंट्या फिरवून एक वळवळता, चिरकता नाद काढला, आणि त्यातून ॲसिड हाउस या नावाचे नृत्यसंगीत जन्मास येऊन युरोपभर पसरले. नेमका तसाच नाद या मुंबईच्या तबकडीत पाच वर्षे आधी उमटलेला होता.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईच्या वादकाने शिकागोचे संगीत शोधून काढले, असे उत्साहाच्या भरात पुष्कळ वेळा लिहिले जाते. ते बरोबर नाही. त्या तरुणांनी ही तबकडी ऐकली असावी, असे कशावरूनही दिसत नाही. साम्याचे कारण यंत्रात आहे. टीबी-३०३ ही पेटी एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकास खर्जाची साथ मिळावी म्हणून बनविलेली. त्या कामास ती नीट उतरली नाही, आणि १९८४ पर्यंत तिचे उत्पादनही थांबले. मात्र तिच्यात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर न तुटता घसरत जाण्याची सोय होती. आपल्याकडे जिला मींड म्हणतात, तिचीच ही यांत्रिक बहीण समजावी. चरणजितसिंगांना रागाच्या स्वरपंक्तीसाठी ही सोय उपयोगी पडली. शिकागोच्या मुलांच्या हाती ती पेटी जुन्या बाजारातून आली, आणि त्यांनी तिच्यातून निव्वळ नाद काढला. एकाच टाकून दिलेल्या हत्याराचे दोन निरनिराळे उपयोग दोन कारागिरांनी स्वतंत्रपणे केले, इतकाच याचा अर्थ. आणि तो काही लहान नव्हे.

२०१० साली बाउमनने आपल्या बॉम्बे कनेक्शन या छोट्या संस्थेतर्फे ही तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा ही कोणाची तरी आधुनिक थट्टा असावी, असा संशय काहींनी घेतला. तो दूर झाला, कारण वादक हयात होते. सत्तरीच्या घरातील चरणजितसिंग मुंबईतच राहत होते. वाद्ये कोणती, ती कशी जोडली, हे सांगावयास ते स्वतः समर्थ होते. पुढे त्यांनी युरोपात जाऊन तरुण श्रोत्यांपुढे ते राग पुन्हा वाजविले. २०१५ साली त्यांचे निधन झाले. म्हणजे न खपलेल्या कामाचा सन्मान त्यांना जेमतेम पाच वर्षे उपभोगता आला.

दुसरे उदाहरण बंगालचे. रूपा विश्वास ही तरुण गायिका कॅनडातील कॅल्गरी शहरी गेली असता, १९८१ साली तेथेच एक मुद्रण झाले. सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ यांचे पुत्र आशिष खाँ, तबल्यावर त्यांचे बंधू प्राणेश खाँ, आणि सोबत कॅनडाचे गिटार व ढोल वाजविणारे वादक. या मुद्रणातून ‘डिस्को जाझ’ ही चारच गाण्यांची तबकडी १९८२ साली कलकत्त्याच्या मेगाफोन कंपनीने काढली. तीही खपली नाही, आणि गायिका संसारास लागली. पुढे परदेशी संग्राहकांत त्या तबकडीस शेकडो डॉलर किंमत येऊ लागली, तरी खुद्द गायिकेस त्याचा पत्ता नव्हता. अखेर तिच्या मुलास इंटरनेटवर ही हकीकत कळली. २०१९ साली शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या संस्थेने ती तबकडी पुन्हा काढली, आणि त्यातील शनिवारच्या सुट्टीचे बंगाली गाणे आज जगभर ऐकिले जाते.

या हकीकतीत जी विसंगती आहे, तिचा विचार अवश्य झाला पाहिजे. एका संग्राहकाने दुसऱ्यास जुनी तबकडी मोठ्या किमतीस विकली, तर त्यातील एक पैही गायकास वा वादकास मिळत नाही. त्यांना काही मिळावयाचे ते रीतसर करार करून नवी आवृत्ती निघाल्यावरच. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. तेव्हा १९८२ च्या तबकडीवरील हक्क २०४२ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. तो बहुधा कंपनीकडे असतो. साथीच्या वादकाची मात्र त्या दिवसाच्या मजुरीवर बोळवण झालेली असते. म्हणून ज्या संग्राहकाने प्रत मिळताच कलावंताचा शोध घेतला, त्याचे काम आणि ज्याने ती केवळ दर वाढेपर्यंत दडवून ठेवली त्याचे काम, ही एका तागडीत घालता येणार नाहीत.

अलीकडे हा शोध मनुष्याऐवजी यंत्रही लावू लागले आहे. जपानच्या मारिया ताकेउची यांचे ‘प्लास्टिक लव्ह’ हे गाणे १९८४ सालचे. स्वदेशात त्या नामांकित असल्या तरी या गाण्याचा तेव्हा फारसा बोलबाला झाला नव्हता. २०१७ साली एका चाहत्याने ते यूट्यूबवर ठेवले. एक गाणे संपले की दुसरे सुचविण्याची जी तेथील यांत्रिक व्यवस्था आहे, तिने ते कोट्यवधी श्रोत्यांपुढे नेले. आणि कंपनीस २०२१ साली त्याचा पूर्ण चित्रपट अधिकृतपणे काढावा लागला. तथापि यंत्र जे कोणी आधी ठेविले आहे तेच पुढे करते. कपाटात पडलेली तबकडी त्यास दिसत नाही.

जे विस्मृत ते सर्व उत्तम, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. दुर्मिळपणासच गुण मानण्याचा मोह या छंदात फार आहे. त्या दशकातील बहुतेक न खपलेल्या तबकड्या न खपण्याच्याच लायकीच्या होत्या. चरणजितसिंगांच्या तबकडीतही ख्यालाने घडलेल्या कानास रागाचे स्वरूप उणेच वाटेल. तेथे आलाप नाही, विश्रांती नाही, ठेका क्षणभरही हटत नाही. पण वाईट आणि अवेळी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील भेद समजण्यास प्रथम ती वस्तू कानांपुढे यावी लागते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांस या बाबतीत भाग्य लाभले. १९९० साली मुंबईत भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था स्थापन झाली, तिने ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालविले, आणि अभ्यासकांनी तपशीलवार याद्या केल्या. हलक्याफुलक्या संगीताच्या लांब तबकड्यांस असे पालक आपल्याकडे थोडेच मिळाले, म्हणून त्यांचे मोल परदेशी संग्राहकाने सांगावे लागले.

शहरांतील पुष्कळ घरांत आजही माळ्यावर किंवा दिवाणाच्या पेटीत अशा तबकड्यांचा गठ्ठा असतो, आणि घर बदलताना तो वजनावर रद्दीवाल्यास जातो. तो देण्यापूर्वी प्रत्येक तबकडीवरील कागदी चकती एकदा वाचावी. कंपनीचे नाव, अनुक्रमांक, वर्तुळातील पी या अक्षरापुढे छापलेले वर्ष, आणि वेष्टनाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत दिलेली वादकांची नावे, एवढे एका वहीत टिपून ठेवण्यास एक दुपार पुरते. चरित्रनायकांची नावे कोठेही मिळतात. साथीदारांची नावे पुष्कळदा त्या वेष्टनावरच तेवढी असतात. तबकड्या उन्हापासून दूर, पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्यास वाकतात.

आणि ओळखीत, आप्तांत, शेजारीपाजारी त्या काळी वाद्यवृंदात वाजविणारे कोणी असेल, तर त्याजकडे जाऊन चौकशी करावी. १९८२ साली तिशी-चाळिशीत असलेले वादक आज सत्तर-ऐंशींच्या पुढे गेले आहेत. आशिष खाँ २०२४ साली निवर्तले. तबकडी आणखी वीस वर्षे फळीवर थांबेल; ती कशी, कोणी आणि कोठे वाजविली हे सांगणारा मनुष्य तेवढा थांबेलच असे नाही.